‘पेचोरा’चा पहारा

मे २०२५ मधील चार दिवसांच्या संघर्षात पाकिस्तानने श्रीनगरपासून भुजपर्यंतच्या आमच्या लष्करी ठाण्यांवर ड्रोन व क्षेपणास्त्रे सोडली आणि आमच्या हवाई संरक्षणाने तो हल्ला परतविला, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. त्यानंतर वायुदलाच्या वतीने ज्या शस्त्रांचा जाहीरपणे गौरव करण्यात आला, त्यांत ‘आकाश’ या स्वदेशी क्षेपणास्त्राबरोबर ‘पेचोरा’ आणि ‘ओसा’ ही दोन रशियन नावेही होती. ‘आकाश’चे नाव ऐकून सर्वांस अभिमान वाटला, आणि तो योग्यच होता. परंतु ‘पेचोरा’चे नाव ऐकून अभिमानाबरोबर थोडी चिंताही वाटावयास हवी होती, ती फारशा कोणास वाटल्याचे दिसले नाही. हे क्षेपणास्त्र सोव्हिएत सैन्यात दाखल झाले १९६१ साली, आणि आमच्याकडे आले ते १९७० नंतरच्या दशकात. ज्या तरुण तंत्रज्ञांनी ते येथे प्रथम हाताळले, ते आज नातवंडांना खेळवीत असतील. शस्त्र मात्र अजून कामावर आहे.

सीमेपासून इतक्या दूर, देशाच्या मध्यबिंदूवर बसलेल्या नागपूरकरांनी या प्रश्नात डोके का घालावे, असे कोणी विचारील. उत्तर याच शहरात आहे. वायुदलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय वायुसेनानगरात आहे. नाशिकजवळच्या ओझरपासून दिल्लीच्या तुघलकाबादपर्यंत वायुदलाची जी दुरुस्ती-आगारे आहेत, त्यांचा कारभार येथून चालतो. लढाऊ वैमानिकाचे छायाचित्र वृत्तपत्रांत छापून येते. पन्नास वर्षांचे यंत्र आजही चालते ठेवणाऱ्या कारागिराचे येत नाही. ‘पेचोरा’ने मे महिन्यात जे काही साधले, त्यातला मोठा वाटा या अनामिक मंडळींचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्यांचे काम किती कठीण आहे याची कल्पना यावी म्हणून या यंत्राची रचना थोडक्यात सांगणे बरे. ‘पेचोरा’चे क्षेपणास्त्र सुमारे सहा मीटर लांब आणि जवळजवळ एक टन वजनाचे असते. त्याचा पल्ला साधारण पंचवीस किलोमीटरांचा. ते स्वतः आंधळे असते. जमिनीवरील रडार शत्रूचे विमान पाहते, गणित मांडते आणि उडालेल्या क्षेपणास्त्राला रेडिओवरून ‘डावीकडे वळ, वर जा’ असे हुकूम देत राहते. म्हणजे या शस्त्राचे डोळे व मेंदू जमिनीवर आणि मूठ तेवढी आकाशात. हे डोळे व हा मेंदू मुळात काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारे, आमच्या घरोघरच्या जुन्या रेडिओंत असत त्याच जातीचे. असे व्हॉल्व्ह आज आणावयाचे कोठून? शिवाय क्षेपणास्त्रातील घन इंधन कालांतराने ठिसूळ होते, त्याला तडे जातात. रबरी जोड कडक होतात. कोठारात नुसते पडून राहिल्यानेही शस्त्र म्हातारे होते. ३१ मे २०१६ रोजी शेजारच्या वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडारात जी भीषण आग लागली आणि जवानांचे व अग्निशामकांचे प्राण गेले, त्यानंतर सदोष सुरुंगांचा जो प्रश्न चव्हाट्यावर आला, तो विदर्भाने तरी विसरू नये.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘पेचोरा’चे सोळा संच आधुनिक विद्युत्-यंत्रणेवर आणण्याचा सुमारे ५९० कोटी रुपयांचा करार २०२० साली बंगळूरच्या एका खासगी कंपनीशी झाला. डोळे व मेंदू बदलले म्हणजे म्हाताऱ्याला दहापंधरा वर्षे अधिक काम करता येईल, हा हिशेब वेडगळ नव्हे. २७ मार्च १९९९ रोजी युगोस्लाव्हियाच्या एका तुकडीने याच जातीच्या क्षेपणास्त्राने अमेरिकेचे एफ-११७ हे रडारला चकविणारे विमान पाडले होते. त्या तुकडीचा प्रमुख रडार काही सेकंदांपेक्षा अधिक काळ चालू ठेवू देत नसे, आणि आपला तळ सतत हलवीत असे. उलट १९८२ च्या जूनमध्ये लेबाननच्या बेका खोऱ्यात सीरियाच्या सोव्हिएत बनावटीच्या क्षेपणास्त्र-तुकड्या इस्रायलने एका दिवसात जवळजवळ नामशेष केल्या. त्या एकाच, शत्रूला ठाऊक झालेल्या जागी ठाण मांडून बसल्या होत्या. चालविणाऱ्याच्या अंगी शिस्त व युक्ती असेल तर जुने शस्त्र उपयोगी पडते, आणि ती नसेल तर नवे शस्त्रही घात करते. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगामजवळ आमचेच एमआय-१७ हेलिकॉप्टर आमच्याच क्षेपणास्त्राने पडले. सहा वायुसैनिक व जमिनीवरील एक नागरिक प्राणास मुकले. मृतांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. ते क्षेपणास्त्र ‘पेचोरा’ नव्हते. इस्रायलकडून घेतलेले नवेकोरे ‘स्पायडर’ होते. ही मोठी चूक होती, हे वायुदलप्रमुखांनी पुढे मान्य केले.

परंतु कारागिरांचे कौशल्य व तुकड्यांची शिस्त यांच्या आड दिल्लीच्या दिरंगाईला लपता येणार नाही. १९८३ साली डॉ. अब्दुल कलाम यांच्या नेतृत्वाखाली जो क्षेपणास्त्र कार्यक्रम सुरू झाला, त्यातले ‘त्रिशूळ’ ‘ओसा’ची जागा घेणार होते. पंचवीस वर्षांनी, २००८ साली, ते गुंडाळण्यात आले. ‘आकाश’ वायुदलात रीतसर दाखल होण्यास २०१५ उजाडले. त्यापूर्वी २०१४ साली चाचणीसाठी डागलेल्या २० ‘आकाश’ क्षेपणास्त्रांपैकी सहा निकामी ठरली, आणि ईशान्येकडील नियोजित सहा तळांपैकी एकावरही ती मुदतीत उभी राहिली नाहीत, असे महालेखापरीक्षकांनी २०१७ साली नमूद केले. हे दोष पुढे दूर झाले असावेत, असे मे महिन्यातील कामगिरीवरून मानावयास जागा आहे. पण बत्तीस वर्षे! इतक्या काळात शाळेत पाऊल टाकलेला मुलगा विभागप्रमुख होतो. रशियाशी एस-४०० चे पाच संच घेण्याचा करार २०१८ साली झाला. पहिला संच २०२१ च्या अखेरीस येऊ लागला आणि पुढे युक्रेन युद्धाने वेळापत्रक विस्कटले. दिल्लीच्या संरक्षणासाठी अमेरिकन यंत्रणा घेण्याचे घाटत होते, तेही बारगळले. आता १५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून ‘सुदर्शन चक्र’ योजनेची घोषणा झाली आहे. तिची मुदत आहे २०३५. तोवर ‘पेचोरा’ आमच्याकडे साठी गाठीत असेल.

दरम्यान शत्रूने युद्धाचा बाजारभाव बदलला आहे. स्वस्त ड्रोनांचे थवे पाठवावयाचे आणि प्रतिपक्षाला महागडी क्षेपणास्त्रे खर्ची घालावयास लावावयाची, ही नवी रीत आहे. त्यावर उतारा म्हणून नागपूरच्याच सोलर उद्योगसमूहाने ‘भार्गवास्त्र’ हे छोट्या अग्निबाणांचे अस्त्र तयार केले असून १३ मे २०२५ रोजी ओडिशातील गोपाळपूरला त्याची चाचणी झाली. हा प्रयत्न स्तुत्य आहे. तथापि दोनअडीच किलोमीटरांवर ड्रोन टिपणारे अस्त्र उंचावरून येणाऱ्या लढाऊ विमानाला अडवू शकत नाही. ते काम ‘पेचोरा’च्या वारसदाराचेच आहे, आणि एकाच्या कौतुकात दुसऱ्याचा विसर पडता कामा नये.

आमची मागणी मर्यादित आहे. क्षेपणास्त्रांची संख्या व ठिकाणे सरकारने खुशाल गुप्त ठेवावीत. पण ‘पेचोरा’ची शेवटची तुकडी कोणत्या वर्षी निवृत्त होणार, तिच्या जागी कोणते शस्त्र येणार, आणि तोपर्यंत सुटे भाग कोठून मिळणार, या तीन प्रश्नांची उत्तरे संरक्षणमंत्र्यांनी संसदेच्या येत्या अधिवेशनात द्यावीत. विदर्भातील खासदारांनी, ते कोणत्याही पक्षाचे असोत, ती मागून घ्यावीत.