छतावरचे ऊन आणि घरातला निर्णय

भद्रावतीच्या श्री केशरिया पार्श्वनाथ तीर्थाच्या दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंना चंद्रपूर जिल्ह्याची दोन रूपे एकाच प्रवासात दिसतात. एकीकडे ताडोबाचे अरण्य, तर दुसरीकडे कोळशाच्या खाणी आणि २,९२० मेगावॉट क्षमतेच्या औष्णिक वीजकेंद्राची धुरांडी. येथे तयार होणारी वीज राज्यभर जाते. धूळ आणि राख मात्र येथल्याच छतांवर बसते. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांपुढे सरकणाऱ्या या प्रदेशात छतावर सौरपॅनेल बसवणे स्वाभाविक वाटावे. तरीही अनेक घरांत हा विषय दरवर्षी निघतो आणि पावसाळ्याबरोबर मागे पडतो. असे का होते?

पहिले कारण हिशेबाचे. व्यापारी कुटुंब भांडवल किती वर्षांत सुटेल, हे आधी विचारते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजने’त पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत प्रति किलोवॉट ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटसाठी १८,००० रुपये, म्हणजे कमाल ७८,००० रुपयांचे केंद्रीय अनुदान आहे. एक किलोवॉटची यंत्रणा दिवसाला सरासरी चार युनिटच्या आसपास वीज देते आणि तिला सुमारे शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते. वीजदर टप्प्याटप्प्याने चढत असल्याने महिन्याला तीनशे युनिटपेक्षा अधिक वापर असलेल्या एकत्र कुटुंबाचा खर्च लवकर वसूल होतो. शंभर युनिटच्या आत भागवणाऱ्या लहान घराला तोच काळ लांब वाटतो. खाली दुकान आणि वर घर, अशा वास्तूत आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. अनुदान घरगुती जोडणीलाच मिळते, दुकानाच्या व्यापारी मीटरला नाही.

दुसरे कारण मालकीचे. वीजबिल अजून दिवंगत आजोबांच्या नावे, गच्ची तीन भावांची आणि वाटणी तोंडी, ही परिस्थिती जुन्या पेठांत नवी नाही. पंचवीस वर्षे टिकणारी वस्तू सामायिक छतावर कोणाच्या नावे बसवावी, या प्रश्नापाशी चर्चा थांबते. मीटरवरील नाव बदलून घेणे आणि भावांची लेखी संमती ठेवणे, हे काम ठेकेदार बोलावण्याआधीचे आहे.

तिसरे कारण गच्चीचे. पर्युषणात आणि तिथीला हिरवी भाजी वर्ज्य असते. त्यासाठीची वाळवणे, पापड, वड्या याच गच्चीवर होतात. घरातील स्त्रियांना न विचारता आखलेली योजना म्हणूनच अडते. उंच सांगाड्यावर पॅनेल बसवल्यास खालची जागा वापरता येते. खर्च थोडा वाढतो आणि वादळवाऱ्याला टिकेल असे मजबूत काम करून घ्यावे लागते.

गडचिरोली जिल्ह्यात प्रश्न वेगळा आहे. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या या वनजिल्ह्यात तारा दाट जंगलातून जातात आणि वादळात झाड पडले की गावे अंधारात जातात. तेथल्या कुटुंबाला बिलाच्या बचतीपेक्षा खात्रीचा पुरवठा हवा असतो. येथेच सर्वात मोठा गैरसमज होतो. ग्रीडला जोडलेली साधी यंत्रणा वीज गेल्यावर स्वतःही बंद होते; तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जिवाच्या सुरक्षेसाठी तशी व्यवस्था असते. वीज नसतानाही दिवा हवा असेल, तर बॅटरीसह संकरित इन्व्हर्टर घ्यावा लागतो. हे आधी न समजल्याने एका घराची निराशा झाली, तर आळीतील इतर दहा घरे मागे हटतात. उलट, शेजारचे कमी झालेले बिल कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक पटवून देते.

तीव्र ऊन म्हणजे अधिक वीज, हा समजही अपुरा आहे. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नव्हे. ते तापले की उत्पादन काहीसे घटते. कोळशाच्या धुळीचा थर बसला, तर आणखी घट होते. म्हणून स्वच्छता नियमित हवी. ती सकाळी, मऊ पुंजणीने जीवजंतू अलगद दूर करून आणि गाळलेल्या पाण्याने केल्यास जयणाही पाळली जाते.

धर्मदृष्टीनेही या विषयाकडे पाहिले जाते. श्रावकाच्या सातव्या व्रतात सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म, वनकर्म आणि जमीन खोदण्याचे स्फोटिकर्म येतात. हा निषेध व्यवसायाचा आहे, वापराचा नाही. पण खाणीसाठी जंगल हटताना पाहणाऱ्या जिल्ह्यात त्याचा आशय अधिक जवळून कळतो. सौरपॅनेलही निर्दोष नाही. त्याच्या काचेला व धातूला खाण लागतेच. शिवाय सूर्यापासून मिळाली म्हणून वीज अचित्त ठरत नाही. तेउकायाविषयीची साधूंची मर्यादा तशीच राहते. लाभ आहे तो आरंभ-समारंभ कमी होण्याचा.

त्याच सातव्या व्रताचे नाव भोगोपभोग-परिमाण आहे, हे निर्णयाच्या वेळी उपयोगी पडते. बारा महिन्यांची बिले समोर ठेवून आधी अनावश्यक वापर कमी करावा आणि उरलेल्या गरजेएवढीच यंत्रणा घ्यावी. छतावर जागा आहे म्हणून मोठी यंत्रणा बसवून घरात आणखी दोन वातानुकूलक आणले, तर बिल कदाचित शून्य होईल, पण परिमाण मात्र सुटेल.