तैलरंगातील व्यक्तिचित्रण आणि रात्रीच्या प्रकाशाचा आभास

प्रस्तावना :
दिव्याच्या उजेडात उजळलेला चेहरा रंगविणे ही व्यक्तिचित्रणातील कठीण परीक्षा मानली जाते. रंग स्वतः प्रकाश देत नाही. तो केवळ परावर्तन करतो. त्यामुळे तेज हे रंगात नसून भोवतालच्या काळोखाशी असलेल्या त्याच्या नात्यात असते. प्रस्तुत लेखात या आभासामागील तत्त्वांचा विचार केला आहे.

प्रकाशाचे गणित :
ज्योतीपासूनचे अंतर दुप्पट झाले की उजेड एक चतुर्थांश उरतो. म्हणून हनुवटी उजळलेली असताना खांदा अंधारात बुडतो. नवोदित चित्रकार हा उतार विसरतो व सर्वत्र पांढरा रंग मिसळतो. पांढऱ्याने छटा थंड व खडूसारखी होते आणि तेज मावळते. शुद्ध उजळ रंग ज्योतीपुरता राखून ठेवणे, त्वचेसाठी पिवळा, नारिंगी व तांबूस असा क्रम योजणे आणि छाया थंड व पातळ ठेवणे हितावह ठरते.

पारदर्शक थर :
फ्रेंच चित्रकार जॉर्ज द ला तूर (१५९३–१६५२) यांच्या लूव्र संग्रहालयातील 'सुतार संत जोसेफ' या तैलचित्रात बाल येशूने मेणबत्तीपुढे हात धरला असून बोटांतून तांबूस प्रकाश झिरपताना दिसतो. रक्त निळा-हिरवा प्रकाश शोषून घेते, लाल पुढे जाऊ देते. असा परिणाम साधण्यासाठी आधी बोटे फिकट रंगात रंगवून पूर्ण वाळू द्यावी लागतात. मग जवसाच्या तेलात कालविलेल्या पारदर्शक लाल रंगाचा पातळ थर द्यावा लागतो. प्रकाश हा थर भेदून खालच्या फिकट रंगावरून परततो. खालचे थर कमी तेलाचे व वरचे अधिक तेलाचे असावेत. अन्यथा कालांतराने भेगा पडतात.

हळदणकरांचे उदाहरण :
म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र अनेकदा राजा रविवर्मा यांचे तैलचित्र म्हणून सांगितले जाते. वस्तुतः ते सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे जलरंगचित्र असून, १९४५-४६ च्या सुमारास त्यांनी आपली कन्या गीता हिला समोर उभे करून ते साकारले. रविवर्मा यांचे निधन १९०६ मध्येच झाले होते. या गैरसमजाने एका मराठी कलावंताचे श्रेय तर हिरावतेच, शिवाय त्याच्या माध्यमावरील प्रभुत्वही झाकले जाते. तैलरंगात चूक खरवडून पुन्हा रंगविता येते; जलरंगात ती मुभा फारच थोडी. तेथे खालच्या फिकट थराचे काम कागदाचा पांढरेपणाच करतो व तो आरंभापासून जपावा लागतो.

समारोप :
माध्यम कोणतेही असो, तत्त्व एकच राहते : दिवा रंगविण्यापूर्वी अंधाराचे नियोजन करावे लागते. कलाशिक्षणात तंत्राबरोबरच कर्त्याची व माध्यमाची अचूक नोंद शिकविली गेली, तरच असा अभ्यास पूर्णत्वास जाईल.