लिन्शोटेनचे गोवेकर

रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील १९१६ च्या ग्रंथात मेळघाटातील कोरकूंची छायाचित्रे आहेत. एकाखाली 'पूर्ण पोशाखातील कोरकू स्त्रिया' एवढेच लिहिले आहे. नाव एकीचेही नाही. आम्हां चिखलदऱ्याकडच्यांना हे खटकते. पण दूरदेशीच्या माणसाचा असा 'नमुना' करण्याची युरोपीय रीत कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी जुनी आहे. मराठी मुलखाजवळचे तिचे उत्तम उदाहरण गोव्याचे.

यान हाउखेन फान लिन्शोटेन हा डच तरुण १५८३ मध्ये गोव्यात आला आणि सुमारे पाच वर्षे तेथील आर्चबिशपच्या पदरी चिटणीस होता. त्याचे 'इटिनरारियो' १५९६ साली ॲम्स्टरडॅमला छापले गेले. त्यात गोव्याचा बाजार, पालख्या, ब्राह्मण, खंबायतचे वाणी, सती आणि 'कानारीन' यांची चित्रे आहेत. कानारीन म्हणजे कन्नडिग नव्हेत. गोव्याच्या कोकणी शेतकऱ्या-कोळ्यांना पोर्तुगीज हे नाव देत.

चित्रे प्रत्यक्ष पाहून काढल्याचे लिन्शोटेन सांगतो. त्याच्या रेखाटनांपुरते ते मान्य करू. परंतु छपाईसाठी तांब्याचे पत्रे कोरले ते हॉलंडमधील दोएतेकुम घराण्याच्या कारागिरांनी, आणि त्यांनी गोवा पाहिला नव्हता. त्यामुळे लंगोटी, छत्री, पालखीची दांडी ओळखीची वाटते, अंगे मात्र परकी. शेतात राबणारा माणूस पिळदार दंडांचा, एका पायावर भार टाकून रोमन पुतळ्यासारखा उभा! कारागिराने मुद्दाम खोटे केले असे मला वाटत नाही. शरीर असेच काढायचे, हे तो उमेदवारीत शिकला होता. रेखाटनात जे नव्हते ते हाताच्या सवयीने भरले.

माणसांपुरती ही सवय खपून जाते. देवांपाशी ती विखारी होते. लिन्शोटेनच्या देवळातील मूर्ती शिंगे-सुळ्यांची आहे. इटालियन प्रवासी वार्थेमाने १५१० मध्ये कालिकतच्या मूर्तीचे जवळजवळ सैतान म्हणूनच वर्णन केले होते, आणि १५१५ च्या जर्मन आवृत्तीत तिचे चित्रही आले. म्हणजे हा सैतान ख्रिस्ती चित्रांतून निघून आपल्या गाभाऱ्यात येऊन बसला. पार्थ मित्तर यांनी १९७७ च्या ग्रंथात ही परंपरा सविस्तर उलगडली आहे.

पुढे फ्रँकफुर्टच्या द ब्री बंधूंनी आपल्या प्रवासमालेसाठी लिन्शोटेनच्या चित्रांच्या नकला केल्या. छापील चित्र पाहून जसेच्या तसे पत्र्यावर कोरले, तर छापताना ते उलटे उमटते. उजव्या हातातली छत्री अशा नकलेत डाव्या हातात जाते, आणि पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.