न दाखविलेला प्रसंग

श्रोतेहो, बोलपट पाहून घरीं परतल्यावर आपण बहुधा कथेविषयीं बोलतों, नटांविषयीं बोलतों, एखादें गाणें गुणगुणतों. परंतु ती कथा ज्या तीन वाटांनीं आपल्यापर्यंत पोंचते, त्या कॅमेरा, प्रकाश आणि ध्वनि यांचा विचार आपल्या मनांत क्वचितच येतो. आज एका बोलपटाचीं केवळ पहिलीं सात-आठ मिनिटें घेऊन या तीन साधनांचें कार्य कसें चालतें तें पाहूं.

बोलपटाचें नांव ‘एम्’. जर्मन भाषेंत ‘खुनी’ या अर्थाचा जो शब्द आहे, त्याचें हें आद्याक्षर. तो ११ मे १९३१ रोजीं बर्लिन येथें प्रथम दाखविला गेला. त्याच वर्षीं १४ मार्च रोजीं मुंबईंत ‘आलम आरा’ हा हिंदुस्थानांतील पहिला बोलपट झळकला होता आणि त्यांत सात गाणीं होतीं. पडद्याला नुकताच लाभलेला आवाज आपण गाण्यांनीं साजरा करीत होतों. त्याच सुमारास फ्रिट्झ लांग हा दिग्दर्शक आपल्या पहिल्याच बोलपटांत, आवाज कोठें थांबवावा याचा विचार करीत होता. कथालेखनांत त्याची पत्नी थेआ फॉन हार्बो हिचा वाटा होता. याच बाईंनीं पुढें अयि तेंडुलकर या मराठी पत्रकाराशीं विवाह केला, हें आपल्यापैकीं कांहींना ठाऊक असेल.

आरंभीं पडदा काळाच असतो. ऐकूं येतो तो एका लहान मुलीचा आवाज. मग चित्र उमटतें. चाळीसारख्या एका इमारतीचा चौक, त्यांत रिंगण करून उभीं असलेलीं मुलें, आणि मधोमध बोट फिरवीत मोजणी करणारी मुलगी. आपल्याकडे राज्य कोणावर हें ठरवितांना मुलें मोजतात, तसाच हा प्रकार. मात्र त्या गाण्यांत मुलांना मारणारा माणूस येणार असल्याची गोष्ट आहे. कॅमेरा उंचावर ठेवलेला असल्यामुळें मुलें फार लहान दिसतात. शेवटचा शब्द जिच्यावर येतो ती रिंगणाबाहेर पडते. शहरावर आलेलें संकट खेळाच्या रूपानें आपल्याला अगोदरच कळलेलें असतें.

कॅमेरा वर वळतो. सज्ज्यावरून जाणारी, कपड्यांची टोपली घेतलेली एक बाई मुलांवर ओरडते. तीं क्षणभर गप्प होतात आणि पुन्हां गाऊं लागतात. ती बाई वर जाऊन बेकमान नांवाच्या धोबिणीजवळ तक्रार करते. त्यावर बेकमानबाई म्हणते कीं, मुलांचें गाणें ऐकूं येत आहे तोंवर तीं तेथें आहेत एवढें तरी समजतें. या साध्या उत्तरांत पुढील सर्व रचनेची किल्ली आहे. आवाज आहे म्हणजे मूल आहे, हा नियम आपल्याला येथें शिकविला जातो. आणि तो शिकविल्यावरच दिग्दर्शक आवाज एकेक करून काढून घेऊं लागतो.

भिंतीवरील घड्याळ बाराचे ठोके देतें, बाहेर घंटा वाजूं लागतात. आईच्या मुखावर हसूं येतें, कारण शाळा सुटण्याची ही वेळ. येथून चित्रें आळीपाळीनें येतात: एकदां घरीं ताटाची तयारी करणारी आई, एकदां रस्त्यानें चेंडू आपटीत येणारी एल्सी. ती आपला चेंडू जाहिराती चिकटविण्याच्या एका गोल खांबावर फेकते. खांबावर खुन्यास पकडून देणाऱ्यास १०,००० मार्क इनाम असल्याची सूचना आहे. त्याच सूचनेवर टोपी घातलेल्या माणसाची सावली पडते, आणि चेंडू किती छान आहे असें म्हणत तो मुलीला तिचें नांव विचारतो.

ही प्रकाशाची करामत आहे. सावलीच्या कडा अशा रेखीव दिसाव्यात म्हणून प्रकाश एकाच बाजूनें व लहानशा उगमापासून यावा लागतो. चहूंकडून प्रकाश पडल्यास सावली पुसट होते. छायालेखक फ्रिट्झ आर्नो वाग्नर यानेंच १९२२ सालच्या ‘नोस्फेराटू’ या मूकपटाचें छायालेखन केलें होतें. त्यांत जिना चढणारी सावली पिशाचाची होती. येथें ती भर दुपारीं, रहदारीच्या रस्त्यावर, गोड बोलणाऱ्या एका सामान्य माणसाची आहे; आणि म्हणूनच अधिक भीतिदायक वाटते.

पुढें हा माणूस एका आंधळ्या फुगेवाल्याकडून मुलीला फुगा घेऊन देतो. त्याचा चेहरा आपल्याला दिसत नाहीं. ऐकूं येते ती त्याची शीळ. ग्रीग या नॉर्वेच्या संगीतकारानें ‘पेअर गिंट’ नाटकासाठीं रचलेली ती एक धून आहे. या बोलपटांत पार्श्वसंगीत मुळींच नाहीं. त्यामुळें ही शीळच त्या माणसाचा चेहरा होऊन बसते, आणि पुढें तो आंधळा फुगेवालाच तिच्यावरून त्याला ओळखतो.

बोलपटाच्या आरंभीच्या काळांत कॅमेऱ्याची घरघर ध्वनिमुद्रणांत येऊं नये म्हणून कॅमेरा बंद पेटींत ठेवीत, आणि नट ध्वनिग्राहकाजवळ खिळून राहत. जो बोलतो तोच पडद्यावर दिसावा, अशी जणुं रीतच पडली होती. लांगनें ती मोडली. आवाज एकाचा आणि चित्र दुसऱ्याच वस्तूचें, असा मेळ त्यानें घातला.

त्याचें फळ प्रसंगाच्या शेवटीं दिसतें. जिन्यावर पावलें वाजतात, आई धांवते. त्या दुसऱ्याच मुली असतात. दाराची घंटा वाजते. तो कादंबरीचा नवा भाग आणून देणारा माणूस असतो. घड्याळांत सव्वा वाजतो. आई खिडकी उघडून मुलीला हाक मारते. ती हाक चालू असतांना आपल्याला दिसतो वरून पाहिलेला रिकामा जिना. मग कपडे वाळत घातलेला निर्मनुष्य माळा. मग टेबलावरील कोरी बशी व रिकामी खुर्ची. नंतर हाकहि थांबते. झुडपांतून चेंडू घरंगळत येतो आणि स्थिरावतो. तारांत अडकलेला फुगा सुटून निघून जातो. पडदा काळा होतो.

मीं अनेक वर्षें शाळेंत हजेरी घेतली आहे. नांव पुकारल्यावर ‘हजर’ असा शब्द आला, कीं मास्तर मान वर न करतां पुढील नांवाकडे वळतो. उत्तर आलें नाहीं, तरच तो डोळे वर करून रिकाम्या जागेकडे पाहतो. लांग आपल्याला नेमकें हेंच करावयास लावतो. उत्तर येत नाहीं, म्हणून आपण पाहतों. आणि पाहतों तों जागा रिकामी.

खून एकदांहि दाखविलेला नाहीं. रक्त नाहीं, किंकाळी नाहीं. तरीहि काय घडलें याविषयीं कोणाच्याहि मनांत संशय राहत नाहीं. पडद्यावरील क्रौर्य जितकें उघड, तितका परिणाम मोठा, असें मानणारे पुष्कळ आहेत. त्यांना हें उत्तर आहे. उघड दाखविलेल्या क्रौर्याकडे आपण दुरून पाहतों आणि हळूहळू त्याला सरावतों; येथें मात्र आपण त्या आईच्या जागीं उभे असतों. शिवाय त्या मुलीचें मरण तमाशाचा विषय होत नाहीं, ही गोष्ट मला कलेहून मोठी वाटते.

श्रोतेहो, हा बोलपट पाहण्याचा योग आला, तर आरंभींचा भाग दोनदां पाहावा: एकदां आवाज बंद करून आणि एकदां डोळे मिटून. जर्मन भाषा येत नसली तरी हरकत नाहीं. पहिल्या वेळीं रिकाम्या जिन्याचा अर्थ लागणार नाहीं, दुसऱ्या वेळीं हाक कोठें विरली तें समजणार नाहीं. मग तिसऱ्यांदा तो भाग दोन्ही इंद्रियें उघडीं ठेवून पाहावा, आणि आपल्या आवडीच्या एखाद्या मराठी बोलपटालाहि हीच कसोटी लावावी.