डेव्ह ब्रँड्ट

डेव्ह ब्रँड्ट हे अमेरिकेतील फुटबॉल (सॉकर) प्रशिक्षक आहेत. पेनसिल्व्हेनिया राज्यातील मसाया महाविद्यालयाच्या पुरुष संघाचे ते १९९७ ते २००८ या काळात मुख्य प्रशिक्षक होते. या १२ हंगामांत संघाने राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या (एनसीएए) तृतीय विभागाचे विजेतेपद ६ वेळा मिळवले.

पार्श्वभूमी

मसाया महाविद्यालयाची स्थापना १९०९ मध्ये ब्रेदरन इन क्राइस्ट या ख्रिस्ती पंथाने केली. २०२० पासून ही संस्था मसाया विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. ब्रँड्ट यांचे शिक्षण येथेच झाले. विद्यार्थिदशेत ते महाविद्यालयाच्या संघातून खेळले. त्या वेळी लेटन शूमेकर हे प्रशिक्षक होते. पुढे त्यांच्याच जागी ब्रँड्ट यांची नेमणूक झाली.

तृतीय विभागातील महाविद्यालयांना खेळाच्या बळावर शिष्यवृत्ती देता येत नाही. शिवाय खेळाडू साधारणतः चार वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडतो. त्यामुळे एखादे विजेतेपद मिळवण्यापेक्षा ते यश नव्या खेळाडूंसह टिकवणे अधिक कठीण असते.

मसाया येथील कारकीर्द

ब्रँड्ट यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने २०००, २००२, २००४, २००५, २००६ आणि २००८ या वर्षी विजेतेपद पटकावले. २००६ च्या अंतिम सामन्यात इलिनॉय राज्यातील व्हीटन या दुसऱ्या ख्रिस्ती महाविद्यालयाचा ३–० असा पराभव झाला. १९६९ पासून व्हीटनचे प्रशिक्षक असलेले जो बीन यांचा तो अखेरचा हंगाम होता. २००८ मध्ये स्टीव्हन्स संस्थेविरुद्धचा अंतिम सामना बरोबरीत सुटला व निकाल पेनल्टी फटक्यांवर लागला. २००५ आणि २००८ मध्ये मसायाच्या महिला संघानेही स्कॉट फ्रे यांच्या मार्गदर्शनाखाली राष्ट्रीय विजेतेपद मिळवले.

प्रशिक्षणपद्धती

चेंडू अधिकाधिक वेळ आपल्या ताब्यात ठेवणे, लहान व अचूक पास देणे आणि चेंडू हातचा गेल्यास तो तत्काळ परत मिळवण्यासाठी धडपडणे, ही संघाच्या खेळाची वैशिष्ट्ये मानली जातात. सरावही प्रत्यक्ष सामन्याइतक्याच तीव्रतेने करावा, तसेच प्रतिस्पर्धी कोणीही असो, आपला खेळ स्वतः ठरवलेल्या दर्जावरच तोलावा, यावर भर असे. विजयापलीकडचे ध्येय हा या पद्धतीचा पाया होय. श्रद्धा आणि चारित्र्य यांची जडणघडण हे मुख्य उद्दिष्ट, तर विजय हे त्याचे फलित, असा हा विचार आहे. मायकेल झिगारेली यांनी ‘द मसाया मेथड’ या पुस्तकात मसायाच्या फुटबॉल संघांच्या या कार्यपद्धतीचे विवेचन केले आहे.

पुढील कारकीर्द

२००९ मध्ये ब्रँड्ट अ‍ॅनापोलिस येथील अमेरिकन नौदल अकादमीच्या संघाचे प्रशिक्षक झाले. हा संघ प्रथम विभागात खेळतो आणि त्याचे खेळाडू भावी अधिकारी म्हणून लष्करी शिक्षणही घेत असतात. २०१६ व २०१७ या हंगामांत ब्रँड्ट यांनी पिट्सबर्ग रिव्हरहाउंड्स या व्यावसायिक संघाला प्रशिक्षण दिले. २०१८ मध्ये मिशिगन राज्यातील होप महाविद्यालयात रुजू होऊन ते तृतीय विभागात परतले. होप हेही ख्रिस्ती परंपरेतील महाविद्यालय आहे.

वारसा

ब्रँड्ट यांच्यानंतर मसाया संघाची सूत्रे ब्रॅड मॅकार्टी यांच्याकडे आली. त्यांच्या काळात संघाने २००९, २०१०, २०१२, २०१३ आणि २०१७ मध्ये पुन्हा विजेतेपद मिळवले. प्रशिक्षक बदलला आणि खेळाडूंच्या पिढ्या बदलल्या, तरी संघाचे यश टिकून राहिले. ब्रँड्ट यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना ही बाब त्यांच्या स्वतःच्या ६ विजेतेपदांइतकीच महत्त्वाची ठरते.