घरबसल्या धंदा : वेळेचा हिशोब ठेवाल तरच बरकत

कोकणातील असंख्य मुस्लिम घरांचा गाडा वर्षानुवर्षे आखातातून येणाऱ्या पैशावर चालत आला आहे. महाड, पोलादपूरचा भागही त्याला अपवाद नाही. मात्र २०२० च्या टाळेबंदीनंतर आपल्या तरुणांसमोर आणखी एक वाट खुली झाली आहे. माणूस राहतो गावीच आणि काम करतो दुबई, रियाध, केपटाऊन नाहीतर मुंबईच्या पार्टीचे. कुणी हिशोब लिहितो, कुणी बांधकामाचे नकाशे काढतो, कुणी भाषांतर करतो, कुणी शिकवणी घेतो. ना व्हिसाची खटपट, ना मुंबईत खोलीचे भाडे.

या धंद्यात भांडवल थोडे लागते, पण एक गोष्ट पहिल्या दिवसापासून स्वतःलाच सांभाळावी लागते, ती म्हणजे वेळ. महाडच्या औद्योगिक वसाहतीतील कामगाराची पाळी ठरलेली असते. बाजारपेठेतील दुकानदार रात्री शटर ओढतो. घरी बसून काम करणाऱ्याला ना पाळी, ना शटर. घरचे म्हणतात, ‘हा तर घरीच आहे, जरा बँकेत जाऊन येईल.’ पार्टी म्हणते, ‘हा तर कधीही फोन उचलतो.’ या ओढाताणीत दिवस जातो आणि काम रात्री दोनपर्यंत चालते.

घड्याळ दोन, दिवस एक

दूरच्या पार्टीबरोबर काम करणाऱ्याने आधी तिचे घड्याळ समजून घ्यावे. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, रियाध व कुवेतचे अडीच तास, तर केपटाऊनचे साडेतीन तास मागे चालते. रियाधची कचेरी सकाळी नऊला उघडली तर महाडमध्ये साडेअकरा वाजलेले असतात. म्हणजे फजरपासून साडेअकरापर्यंतची वेळ सर्वस्वी आपली. डोके लागणारे काम या वेळेत करावे आणि फोन बाजूला ठेवावा. जोहरनंतर पार्टीशी बोलणे, दुरुस्त्या आणि बिले. संध्याकाळी साडेसातला रियाधमध्ये पाच वाजतात. तेथे आपलेही शटर ओढावे.

सुट्टीचेही असेच आहे. सौदी अरेबिया व कुवेतमध्ये आठवडी सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. संयुक्त अरब अमिरातीच्या सरकारने मात्र जानेवारी २०२२ पासून शुक्रवारी अर्धा दिवस काम आणि शनिवार-रविवार सुट्टी अशी पद्धत आणली. ज्याच्याकडे दुबई आणि रियाध या दोन्हीकडच्या पार्ट्या आहेत, त्याला शुक्रवारी दुबईहून फोन येतो आणि रविवारी रियाधहून. आपली सुट्टी आपणच ठरवून कळवली नाही तर आठवड्याचे सातही दिवस कामाचे होतात. जुम्याचा दिवस मोकळा ठेवायचा असेल तर काम घेतानाच तसे लिहून द्यावे. समोरचा माणूस सहसा हरकत घेत नाही, कारण त्याला नेमकी वेळ हवी असते.

टेलरची पाटी

वेळ कशी विकावी हे आपल्या कारागिरांना नव्याने शिकवण्याची गरज नाही. रमझानचे निम्मे रोजे उलटले की जाणता टेलर दुकानात ‘ईदच्या ऑर्डर बंद’ अशी पाटी लावतो. आपल्या मशीनवर दिवसाला किती कपडे निघतात हे त्याला ठाऊक असते. जो पाटी लावत नाही, त्याच्याकडे चाँदरातीला गिऱ्हाईक भांडत उभे राहते.

हाच हिशोब संगणकावर काम करणाऱ्याने करावा. समजा, घरखर्च आणि धंद्याचा खर्च मिळून महिन्याला ३०,००० रुपये हवेत. आठ तास खुर्चीवर बसले तरी फोन, दुरुस्त्या व बिले वजा जाता मोबदल्याचे काम पाच तासच होते. महिन्याला २४ दिवस धरले तर १२० तास, म्हणजे ताशी २५० रुपये. २० तासांचे काम ३,००० रुपयांत घेतले तर तासाला १५० रुपयेच पडले. काम भरपूर, तरी हात रिकामे असे होते त्याचे कारण बहुधा येथेच सापडते.

पावसाचे दिवस वेगळे मोजा

आपल्या भागात आणखी एक हिशोब आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडवर आदळले. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीचे पाणी महाड शहरात शिरले, वीज गेली, फोन बंद पडले आणि पोलादपूरकडे दरडी कोसळल्या. दुबईच्या पार्टीला सावित्रीची पातळी ठाऊक नसते. म्हणून जून ते सप्टेंबर मुदत देताना दोन-चार दिवस जास्त धरावेत. इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड जवळ असावे. कामाची एक प्रत इंटरनेटवर आणि एक वरच्या मजल्यावर ठेवावी. मुंबई-पुण्यात एखादा नातलग असेल, तर आपला संपर्क तुटल्यास पार्टीला कळवण्याचे काम त्याच्याकडे आधीच सोपवावे.

पैशाचीही मुदत हवी

काम वेळेवर दिले तरी पैसे अडकतात. परदेशातील नव्या पार्टीकडून काही रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय काम सुरू करू नये. देशातील पार्टीसाठी २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा आहे. त्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे बिल करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागते. त्याचा लाभ घेण्यासाठी उद्यम नोंदणी आधीच करून ठेवावी. जुलै २०२० पासून सुरू असलेली ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. त्यासाठी दलालाला पैसे मोजू नयेत.

हा धंदा सुरू केलेल्यांनी एक साधी वही घालावी. किती वाजता बसलो, कोणाचे काम केले, किती वाजता उठलो, एवढेच महिनाभर लिहावे. पुढच्या महिन्याचे दर आणि मुदती त्या वहीवरून ठरवाव्यात. वडीलधाऱ्यांनीही खुर्चीवर बसलेल्या मुलाला किंवा सुनेला ‘घरीच आहे’ असे न समजता दुकानावर बसलेल्या माणसासारखे वागवावे.