इंग्रजीतील विशेषणे : 'लाल' आणि 'हिरवा' यांच्या मदतीने



नामाबद्दल विशेष माहिती सांगणारा शब्द म्हणजे विशेषण, म्हणजेच 'अ‍ॅडजेक्टिव्ह'. ही व्याख्या मुलांना पाठ असते. तरीही वहीत 'टॉल्स बॉइज' किंवा 'मोअर टॉलर' असं लिहिलेलं सापडतं. आपण लगेच लाल पेनने काट मारतो. पण थोडं थांबून पाहा. मूल निष्काळजी नसतं, ते मराठीचा नियम इंग्रजीला लावत असतं. म्हणून सुरुवात मराठीपासूनच करूया.

१) नाम बदललं तर विशेषण बदलतं का?

मराठीत विशेषणांचे दोन गट आहेत.

विकारी : हिरवा डोंगर, हिरवी टेकडी, हिरवं पान, हिरवी पानं
अविकारी : लाल चेंडू, लाल टोपी, लाल फूल, लाल फुलं

'हिरवा' नामाच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतो, 'लाल' मात्र आहे तसाच राहतो. आता मुलांना एवढंच सांगा, "इंग्रजीतली विशेषणं 'लाल'च्या घरातली आहेत." गुड बॉय, गुड गर्ल, गुड बॉइज. अनेकवचनाचा 'एस' नामाला लागतो, विशेषणाला नाही.

अपवाद लक्षात ठेवा : दिस बुक – दीज बुक्स, दॅट बुक – दोज बुक्स. ही दर्शक विशेषणे वचनानुसार बदलतात.

२) मग इंग्रजी विशेषण बदलतं कधी?

तुलना करताना! इथे मराठीच्या उलट गंमत आहे. मराठीत 'उंच' हा शब्द तसाच राहतो, 'पेक्षा' आणि 'सर्वात' हे शब्द तुलनेचं काम करतात. इंग्रजीत विशेषणाचं रूपच बदलतं.

कळसूबाईची उंची १६४६ मीटर आणि साल्हेरची १५६७ मीटर. यावरून वाक्यं करू :

साल्हेर इज हाय. (साल्हेर उंच आहे.)
कळसूबाई इज हायर दॅन साल्हेर. (कळसूबाई साल्हेरपेक्षा उंच आहे.)
कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्र. (कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर आहे.)

मराठी वाक्यांत 'उंच' तिन्ही वेळा तोच आहे. म्हणूनच मूल 'हाय दॅन' लिहितं. आणि 'जास्त उंच' मनात असेल तर 'मोअर हायर' लिहितं. चूक कुठून आली हे कळलं की समजावणं सोपं जातं.

३) रूप कसं बदलायचं?

• लहान शब्द : टॉल – टॉलर – टॉलेस्ट. 'बिग'मध्ये शेवटचा 'जी' दोनदा येतो.
• शेवटी 'वाय' असलेले 'हॅपी'सारखे शब्द : हॅपी – हॅपिअर – हॅपिएस्ट. इथे 'वाय'चा 'आय' होतो.
• लांब शब्द : ब्यूटिफुल – मोअर ब्यूटिफुल – मोस्ट ब्यूटिफुल.
• पाठच करायचे : गुड – बेटर – बेस्ट, बॅड – वर्स – वर्स्ट.

'मोअर' किंवा 'ई-आर', दोघांपैकी एकालाच काम द्यायचं. दोघांना एकदम बोलवायचं नाही!

४) वर्गात किंवा घरी करून पाहा

तीन पेन्सिली घ्या, लांबी वेगवेगळी हवी. मुलाला आधी मराठीत तुलना करू द्या, मग इंग्रजीत : लाँग, लाँगर, लाँगेस्ट. त्यानंतर एक पेन्सिल, मग अनेक पेन्सिली दाखवून 'लाँग पेन्सिल', 'लाँग पेन्सिल्स' म्हणून घ्या. वही-पेन नंतर, आधी तोंडी.

मुलाने चुकीचं लिहिलं, तर त्याला दोनच प्रश्न विचारा. "हा शब्द 'लाल'सारखा ठेवलास का?" आणि "इथे तुलना आहे का?" बहुतेक वेळा चूक त्याची त्यालाच सापडेल. आणि मराठी येते म्हणून इंग्रजी अवघड जाते, ही त्याच्या मनातली भीतीही कमी होईल. उलट, मराठी नीट कळली की इंग्रजीचा फरक पटकन दिसतो.